प्रागचा परदेशी वस्ताद

१

एखादा खेळ एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात जातो, तेव्हा आधी चेंडू जातो, त्याच्या मागोमाग नियमांचे पुस्तक जाते, आणि त्या खेळातील खरी विद्या, ती गेलीच तर, पुष्कळ उशिरा जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश खलाशी, पलटणीतील सोजिर, आगगाड्यांचे एंजिनियर, गिरण्यांतील कारागीर आणि व्यापारी पेढ्यांवरील गुमास्ते जगाच्या पाठीवर जेथे जेथे मुक्कामाला गेले, तेथे तेथे मिळेल त्या मोकळ्या जागेत त्यांनी फुटबॉलचा डाव मांडला. आणि प्रथम कुंपणाबाहेर उभे राहून तो डाव कुतूहलाने पाहणाऱ्या स्थानिक पोरांनी थोड्याच वर्षांत कुंपणाच्या आत प्रवेश मिळविला. हा इतिहास बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने असाच घडलेला आहे. परंतु या सर्व मंडळींचा पोटापाण्याचा उद्योग निराळा होता. फुटबॉल हा त्यांचा विरंगुळा होता, आणि विरंगुळ्यातून आवड लागते, विद्या साध्य होत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र युरोपखंडात एक नव्या प्रकारचा मनुष्य दिसू लागला. ऐन तारुण्याची दहापंधरा वर्षे चेंडूवर घालवून चाळिशीकडे झुकलेला, हाडात दुखणी घेऊन मैदानातून निवृत्त झालेला, आणि ज्याच्याजवळील ज्ञानाला मायदेशी कोणी गिऱ्हाईक उरलेले नाही, असा हा व्यावसायिक खेळाडू, ज्या देशाची भाषा त्याला येत नाही आणि ज्याचे राजकारण त्याला उमगत नाही अशा एखाद्या देशातल्या क्लबाकडे ठरीव तनख्यावर खेळ शिकविण्याच्या चाकरीला रुजू होई. यांपैकी कित्येकांनी एकदोन हंगाम काढून गाशा गुंडाळला. पण डम्बार्टन गावचा जॉन विल्यम मॅडन, ज्याला त्याचे सोबती 'जेक' म्हणत, तो १९०५ साली प्राग शहरी गेला तो पंचवीस वर्षे एकाच क्लबाच्या चाकरीत राहिला आणि अखेर त्याच शहराच्या मातीत मिळाला. त्याच्या कारकिर्दीचा वृत्तांत सांगण्याजोगा आहे तो तिच्यातील चमत्कारांमुळे नव्हे; परक्या भूमीत एखादी विद्या रुजते कशी, याचा तो एक स्वच्छ दाखला आहे म्हणून.

२

ग्लासगो शहराच्या वायव्येस, लेव्हन नदी जेथे क्लाइडला मिळते तेथे, एका दुशिंगी काळ्या खडकाच्या आश्रयाने डम्बार्टन वसले आहे. मॅडनचा जन्म ११ जून १८६५ चा. आणि त्या काळी या गावाचा बहुतेक सारा रोजगार जहाजांच्या गोदीवर अवलंबून असे. चीनचा चहा वाहणारे 'कटी सार्क' हे प्रख्यात शिडाचे जहाज १८६९ मध्ये पुरे झाले ते याच गावच्या डेनी यांच्या गोदीत. मॅडनही तरुणपणी गोदीत रिव्हेट ठोकण्याचे काम करी. या कामात एकट्या मनुष्याचे काही चालत नाही: एका पोऱ्याने भट्टीत लालबुंद केलेली रिव्हेट फेकावयाची, दुसऱ्याने ती झेलून पत्र्याच्या भोकात बसवावयाची, एकाने मागून ती दाबून धरावयाची आणि पुढून दोघांनी आळीपाळीने घण घालून ती निवण्याच्या आत तिचे डोके चपटे करावयाचे, यांतील कोणी एक जण क्षणभर चुकला तर साऱ्या टोळीची मेहनत फुकट जाते. गोदीतील ही शिस्त आणि मैदानातील खेळ यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे धाडस कोणी करू नये; तथापि स्कॉटलंडने फुटबॉलला जी देणगी दिली ती नेमकी अशाच परस्परावलंबनाची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ती देणगी कोणती, हे समजण्यासाठी ३० नोव्हेंबर १८७२ या दिवसाकडे जावे लागते. त्या दिवशी ग्लासगोच्या पार्टिक भागातील एका क्रिकेटच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि तो एकही गोल न होता बरोबरीत सुटला. इंग्लिश खेळाडूंची रीत अशी असे की, चेंडू ज्याच्या पायाशी येईल त्याने मान खाली घालून तो स्वतःच प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून पुढे रेटीत न्यावयाचा, आणि इतरांनी त्याच्या पाठोपाठ धावून, तो निसटला तर उचलावयाचा. उलट स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे, परस्परांच्या सवयी जाणणारे आणि अंगाने प्रतिपक्षापेक्षा हलके होते. म्हणून अंगबळाशी अंगबळ न भिडवता चेंडू आपसात देत घेत पुढे जाण्याची रीत त्यांनी अंगीकारली. चेंडू माणसापेक्षा अधिक वेगाने धावतो आणि दमत नाही, हे साधे सत्य या पासिंगच्या खेळाच्या मुळाशी आहे. पुढील दहापंधरा वर्षांत इंग्लंडचे क्लब स्कॉच खेळाडूंना पदरी ठेवण्यासाठी धावाधाव करू लागले आणि या खेळाडूंना तिकडे 'स्कॉच प्रोफेसर' ही पदवीच मिळाली.

लेव्हनचे खोरे हे या विद्येचे एक माहेरघर होते. काही मैलांच्या टापूतील व्हेल ऑफ लेव्हन, रेंटन आणि डम्बार्टन या तीन क्लबांनी १८७७ ते १८८८ या अवधीत मिळून सहा वेळा स्कॉटिश कप जिंकला. गावे लहान, वस्ती गिरणीकामगारांची व गोदीकामगारांची, पण खेळाची उंची मोठमोठ्या शहरांना लाजविणारी. अशा वातावरणात मॅडन वाढला आणि डम्बार्टनकडून खेळत नावारूपास आला.

३

नोव्हेंबर १८८७ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागात ब्रदर वॉल्फ्रिड नामक एका आयरिश धर्मसेवकाने, त्या भागातील दरिद्री कॅथलिक मुलांच्या जेवणाची तजवीज व्हावी या हेतूने, सेल्टिक नावाचा क्लब स्थापन केला. आणि २८ मे १८८८ रोजी या क्लबाने रेंजर्सविरुद्ध पहिला सामना खेळून ५–२ असा जिंकला, तेव्हा त्याच्या आघाडीच्या फळीत मध्यभागी जो तरुण उभा होता तो मॅडन होय. पुढल्या वर्षी तो सेल्टिकमध्ये कायमचा दाखल झाला. त्याच्या फटक्यातील जोरामुळे प्रेक्षकांनी त्याला 'रूटर', म्हणजे मुळासकट उपटणारा, असे टोपणनाव बहाल केले होते. आणि सेल्टिकने १८९३, १८९४ व १८९६ या वर्षी लीगचे विजेतेपद मिळविले त्यात त्याचा वाटा मोठा होता. १८ मार्च १८९३ रोजी रेक्सम येथे वेल्सविरुद्ध तो प्रथम स्कॉटलंडकडून खेळला, आणि स्कॉटलंडच्या आठ गोलांपैकी चार त्याच्या एकट्याचे होते. दोन वर्षांनी त्याच ठिकाणी, त्याच प्रतिपक्षाविरुद्ध त्याने आणखी एक गोल केला. दोनच आंतरराष्ट्रीय सामने आणि पाच गोल, एवढ्यावर त्याचे ते दप्तर बंद झाले.

त्या काळच्या व्यावसायिक खेळाडूची स्थिती मोठी चमत्कारिक असे. इंग्लंडने १८८५ मध्ये खेळाडूला उघड पगार देणे कायदेशीर केले, पण स्कॉटलंडने ते १८९३ पर्यंत मानले नाही. तोवर जे काही दिले घेतले जाई ते टेबलाखालून. पगार अधिकृत झाल्यावरही खेळाडूचे आयुष्य अल्पच राहिले. १८९७ मध्ये मॅडन सेल्टिक सोडून डंडीकडे गेला, मग थोडा काळ लंडनच्या टॉटनहॅमकडे, आणि मग तिशी ओलांडलेल्या कोणत्याही आघाडीच्या खेळाडूप्रमाणे तो हळूहळू लोकांच्या नजरेआड झाला.

येथे एक प्रश्न साहजिक उपस्थित होतो. एवढे ज्ञान गाठी असलेल्या मनुष्याला मायदेशी शिकविण्याचे काम का मिळू नये? उत्तर असे की, असे काम तेथे अस्तित्वातच नव्हते. ब्रिटिश क्लबात संघाची निवड संचालकांचे मंडळ करी. ट्रेनर नावाचा जो इसम असे, त्याचे काम खेळाडूंना पळवणे, त्यांचे अंग रगडणे आणि दुखऱ्या सांध्यांना मलम चोळणे, एवढेच. आठवडाभर खेळाडूला चेंडूपासून दूर ठेवले तर शनिवारी त्याला चेंडूची भूक लागते, असा एक दृढ समज त्या क्लबांत प्रचलित होता. चेंडू कसा खेळावा हे मुलगा गल्लीत शिकून येतो, ते कोणी शिकवावयाचे नसते, अशी एकंदर श्रद्धा. ज्या देशात विद्या जन्मसिद्ध मानली जाते, त्या देशात गुरूला चाकरी मिळत नाही.

४

प्रागमध्ये परिस्थिती अगदी उलट होती. बोहेमिया त्या वेळी ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ योझेफ याच्या अमलाखाली होता, आणि चेक व जर्मन भाषिकांचा कलह तेथील सार्वजनिक जीवनाच्या प्रत्येक अंगात शिरला होता. प्रागचे प्राचीन विद्यापीठ १८८२ मध्येच दुभंगून एक चेक आणि एक जर्मन अशी दोन विद्यापीठे झाली होती. १८९७ मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या भाषेविषयी निघालेल्या फर्मानांवरून दंगली माजल्या होत्या. चेक समाजाने १८६२ पासून 'सोकोल' या व्यायामसंस्थेच्या द्वारे शरीरबलाला राष्ट्रीय कर्तव्याचे स्वरूप दिले होते. क्रीडाक्षेत्रही असेच विभागले गेले: जर्मन भाषिकांचा, ज्यात ज्यू मंडळीही पुष्कळ होती, तो डीएफसी प्राग, आणि चेक विद्यार्थ्यांनी सायकलस्वारीसाठी १८९२ मध्ये स्थापलेला स्लाव्हिया. स्लाव हे वंशाचे नाव त्यांनी क्लबाला अभिमानाने घेतले, तांबड्या आणि पांढऱ्या रंगांचा अर्धा अर्धा सदरा व छातीवर तारा असा पोशाख ठरविला, आणि १८९६ पासून फुटबॉलकडे मोर्चा वळविला. त्याच शहरातील स्पार्टाशी त्यांची चुरस त्याच वर्षी सुरू झाली.

आपल्या अंगी आवेश आहे पण कसब नाही, हे या तरुणांच्या वेळीच लक्षात आले. तेव्हा स्कॉटलंडमधून शिक्षक आणावा असे ठरून त्यांनी रेंजर्सचा नामांकित हाफ बॅक जॉन टेट रॉबर्टसन याच्यावर नजर ठेवली. रॉबर्टसन काही प्रागला आला नाही. १९०५ मध्ये तो लंडनच्या नव्या चेल्सी क्लबाचा पहिला व्यवस्थापक झाला. त्याच्या जागी मॅडन कसा आला, याविषयी प्रागमध्ये एक आख्यायिका आजही रंगवून सांगतात: मॅडनने म्हणे रेंजर्सचा पोशाख अंगावर चढवून छायाचित्र काढविले आणि ते प्रागला धाडून दिले, आणि सेल्टिकचा हा जन्माचा सैनिक अशा रीतीने आपल्या कट्टर वैऱ्याच्या वेषात नोकरी पटकावून बसला. या कथेत तथ्य किती हा प्रश्न गौण आहे. ती इतकी वर्षे सांगितली जाते, यावरून त्या मनुष्याच्या मिश्किल वृत्तीविषयी लोकांची काय समजूत होती, ते कळते. एवढे खरे की १९०५ च्या आरंभी, चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला मॅडन प्रागला दाखल झाला, आणि लेत्नाच्या पठारावरील लाकडी सज्जांच्या मैदानात त्याने कामाला हात घातला.

५

मॅडनच्या शिकवणीचे स्वरूप आपल्या वाचकाला समजावून द्यावयाचे तर कोल्हापूरच्या तालमीतील वस्तादाचे स्मरण करावे. वस्ताद केवळ डावपेच शिकवीत नाही. पठ्ठ्याने पहाटे किती वाजता उठावे, काय खावे, अंगाला मालिश कोणी व कशी करावी, कोणाच्या संगतीत बसू नये, या साऱ्याचा कारभार त्याच्या हाती असतो, आणि त्याचा हुकूम आखाड्याच्या बाहेरही चालतो. मॅडनचा अंमल असाच सर्वव्यापी होता. थंड पाण्याचे स्नान, नियमित मालिश, आहारावर नजर, मद्य व तंबाखू यांच्याविषयी कडक धोरण, ही त्याच्या शिस्तीची अंगे त्याच्या शिष्यांनी वारंवार वर्णिली आहेत. आणि ज्या शहरात बिअर हे पाण्याच्या खालोखालचे पेय, त्या शहरात हे धोरण अमलात आणणे किती कठीण गेले असेल, त्याची कल्पना करता येते. त्याला चेक भाषा कधीच धड बोलता आली नाही असे सांगतात. पण ज्याला पाय बोलता येतात त्याला जिभेची उणीव फारशी भासत नाही. जे शिकवावयाचे ते तो चेंडू घेऊन करून दाखवी.

आणि जे त्याने करून दाखविले ते डम्बार्टनचेच होते: चेंडू जमिनीलगत ठेवावा, जवळच्या सोबत्याला अचूक द्यावा, देऊन झाल्यावर उभे न राहता मोकळ्या जागेत सरकावे, म्हणजे परत मिळेल, आणि प्रतिपक्षाच्या दोन माणसांमधली जी अरुंद वाट क्षणभरच उघडते, तिच्यातून चेंडू आत सोडावा. पुढे चेक खेळाचे वैशिष्ट्य म्हणून युरोपभर जी नाजूक, गुंफणीची रीत ओळखली गेली, तिचा पाया हाच. यान कोशेक याच्यासारखा उपजत प्रतिभेचा आघाडीचा खेळाडू स्लाव्हियात मॅडनच्या आगमनापूर्वीच होता. मॅडनने अशांच्या प्रतिभेला साऱ्या संघाच्या चालीत बसविले. तरुण खेळाडू त्याला 'देदेक', म्हणजे म्हातारबा, म्हणू लागले. चाळिशीतल्या माणसाला हे नाव मिळते, ते धाकाचे आणि मायेचे एकत्र लक्षण समजावे.

६

१३ जून १९०८ रोजी इंग्लंडचा राष्ट्रीय संघ प्रागला येऊन बोहेमियाला ४–० असा हरवून गेला. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या दडपणामुळे बोहेमियाचे नाव आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या पटावरून कमी करण्यात आले; कारण एका साम्राज्याचे दोन संघ असणे बादशहाच्या कारभाऱ्यांना मानवण्यासारखे नव्हते. राज्य नाही, सरहद्द नाही, वकिलात नाही. राष्ट्र म्हणून मिरविण्याची जी एक जागा चेकांना मैदानावर लाभली होती, तीही अशी हिरावली गेली. पण १९११ च्या उन्हाळ्यात, महासंघाबाहेरच्या काही संस्थांनी फ्रान्समधील रुबे या गावी हौशी संघांची एक युरोपीय स्पर्धा भरविली, तेव्हा प्रामुख्याने स्लाव्हियाच्या खेळाडूंचा बनलेला बोहेमियाचा संघ तेथे गेला, त्याने आधी फ्रान्सला नमविले आणि अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हौशी संघाला २–१ असे हरविले. समोरचा संघ इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ संघ नव्हता, हे खरे. तरी प्रागमध्ये या विजयाला जो अर्थ प्राप्त झाला तो गोलांच्या संख्येवर मोजता येत नाही.

योगायोग असा की, त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्यास मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला त्याच २–१ फरकाने हरवून आयएफए शील्ड जिंकली. दोन परतंत्र लोकसमूहांनी एकाच ऋतूत, एकाच आकड्यांनी, इंग्रजांना त्यांच्याच खेळात मात द्यावी, ही गोष्ट मोठी चटका लावणारी आहे; परंतु या दोन विजयांचे पुढे जे झाले त्यात महदंतर आहे. हिंदुस्थानात फुटबॉल आणला तो पलटणींनी. १८८८ मध्ये सिमल्यास ड्युरांड चषकाचा पहिला अंतिम सामना झाला तो रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि हायलंड लाइट इन्फंट्री या दोन स्कॉच पलटणींतच, आणि मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली तीही पलटणींच्याच जोरावर. पण पलटणीची बदली होते. आज लखनौ, उद्या रंगून, परवा आफ्रिका. तिच्याबरोबर तिचे खेळाडूही जातात आणि मागे राहतो तो चेंडू आणि आठवण. मॅडनसारखा कोणी वस्ताद येथे ठाण मांडून म्हातारा झाला नाही. आपल्याकडे ती उणीव पुढे ज्याने भरून काढली, तो हैदराबादचा सय्यद अब्दुल रहीम हा पेशाने शिक्षकच होता. त्याच्या हाताखाली हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स चषक उचलला, आणि १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकात भारत चौथा आला. गुरू एका जागी टिकला की काय घडते, याचा हा घरचा पुरावा.

७

मॅडन एकटा नव्हता. ज्या रॉबर्टसनची स्लाव्हियाने वाट पाहिली, तोच रॉबर्टसन १९११ ते १९१३ या काळात बुडापेस्टच्या एमटीके क्लबात शिकवीत होता. त्याच क्लबात महायुद्धाच्या काळात जिमी होगन या इंग्रजाने, जो स्वतः स्कॉच पद्धतीचाच पुरस्कर्ता होता, ते काम पुढे चालविले. लंडनच्या आर्सेनलचा जुना हाफ बॅक, स्कॉटलंडचाच जॉन डिक, महायुद्धानंतर प्रागमध्ये स्पार्टाचा शिक्षक झाला आणि 'पोलादी स्पार्टा' म्हणून गाजलेला संघ त्याच्या देखरेखीखाली उभा राहिला. म्हणजे प्रागच्या ज्या दोन क्लबांच्या वैरावर शहर दुभंगत असे, त्या दोहोंच्या मुदपाकखान्यात एकच स्कॉच पाककृती शिजत होती. तिकडे दक्षिण अमेरिकेत, ग्लासगोजवळ जन्मलेला जॉन हार्ली हा आगगाडीचा एंजिनियर १९०९ मध्ये माँटेव्हिडिओस गेला, पेन्यारोल क्लबाच्या मध्यभागी उभा राहून उरुग्वेच्या लोकांना त्याने उंच टोले सोडून आखूड पास द्यावयास लावले, आणि तोही तिकडलाच झाला.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा या भटक्या शिक्षकांवर मोठीच आपत्ती ओढवली. टॉटनहॅमला १९०१ चा इंग्लिश कप जिंकून देणारा एअरचा जॉन कॅमेरॉन ड्रेस्डेनमध्ये शिकवीत होता. त्याला बर्लिनजवळील रूहलेबेन येथील छावणीत शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून अटकेत पडावे लागले, आणि स्टीव्ह ब्लूमरसारखा इंग्लंडचा विख्यात खेळाडूही तेथेच त्याच्या सोबतीला होता. मॅडन प्रागलाच राहिला. त्याने एका चेक स्त्रीशी विवाह करून तेथे संसार थाटला होता. चार वर्षांनी बादशाही कोसळली, चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक जन्मास आले, आणि एका साम्राज्यात चाकरीस लागलेला हा गृहस्थ शहर न बदलता दुसऱ्या राष्ट्राचा रहिवासी झाला.

८

नव्या प्रजासत्ताकात खेळाला अभूतपूर्व बहर आला. १९२३ मध्ये फ्रांतिशेक प्लानिच्का हा अंगाने लहानसा पण मांजराच्या चपळाईचा गोलकीपर स्लाव्हियात दाखल झाला; दोनच वर्षांनी आंतोनिन पुच हा डाव्या बगलेवरचा वेगवान खेळाडू आला. १९२५ मध्ये चेकोस्लोव्हाकियात व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिचे पहिलेच विजेतेपद स्लाव्हियाने मिळविले. १९२९ मध्ये मध्य युरोपच्या मित्रोपा चषकाच्या अंतिम फेरीत बुडापेस्टच्या उयपेश्तने त्यांना रोखले. पण १९२९–३० च्या हंगामात स्लाव्हियाने लीगचे चौदाच्या चौदा सामने जिंकले, एकही गुण गमावला नाही. पासष्ट वर्षांच्या मॅडनने त्याच वर्षी चाकरीतून निवृत्ती घेतली. पंचवीस वर्षांच्या हिशेबाचे शेवटचे पान इतके निष्कलंक निघावे, हे भाग्य फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला येते.

तो निघून गेल्यावर जे घडले ते अधिक बोलके आहे. १० जून १९३४ रोजी रोममध्ये जागतिक चषकाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकिया इटलीशी भिडला, तेव्हा अकरापैकी आठ खेळाडू स्लाव्हियाचे होते आणि तीन स्पार्टाचे. कर्णधार प्लानिच्का होता, आणि आघाडी मिळवून देणारा गोल पुचने केला. जादा वेळात इटलीने २–१ असा विजय मिळविला, तरी खेळाच्या लालित्यात चेकोस्लोव्हाकिया कमी पडला नाही. याच सुमारास, १९३३ नंतर, स्लाव्हियाचे शिक्षकपद ज्याच्याकडे गेले, तो काल्मान कोनराड हा बुडापेस्टच्या एमटीकेमध्ये वाढलेला खेळाडू होता. म्हणजे १९०५ साली जो रॉबर्टसन प्रागला यावयाचा राहिला, त्याने डॅन्यूबकाठी लावलेल्या झाडाचे फळ अठ्ठावीस वर्षांनी, हंगेरीच्या वाटेने, त्याच क्लबाच्या पदरात पडले.

९

मॅडन निवृत्तीनंतरही प्रागमध्येच राहिला आणि १७ एप्रिल १९४८ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तेथेच वारला. त्याच्या अखेरच्या वर्षांत जर्मन फौजा आल्या आणि गेल्या. १९४५ च्या मे महिन्यातील उठावाच्या धामधुमीत लेत्नाचे ते लाकडी मैदान जळून गेले. आणि त्याच्या मृत्यूपूर्वी दोनच महिने कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली. नव्या राजवटीला स्लाव्हिया हे विद्यार्थ्यांचे आणि मध्यमवर्गीयांचे नाव रुचले नाही. १९५० च्या दशकात क्लब 'डायनॅमो' म्हणून ओळखला गेला आणि मूळ नाव १९६५ मध्ये परत मिळाले. या साऱ्या उलथापालथीत क्लबाच्या निष्ठावंतांनी ओल्शानीच्या स्मशानभूमीतील म्हातारबाच्या थडग्याची देखभाल सोडली नाही, आणि आजही ते तेथे जातात.

स्कॉटलंडमध्ये मात्र त्याची आठवण फार काळ कोणी काढली नाही, आणि त्याला कारण आहे. ज्या विद्येचा तो वाहक होता, ती आपल्या रक्तातच आहे, ती कोठे जाणार, अशा समजुतीत ते राष्ट्र निश्चिंत होते. मॅडनच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष झाले असता, मे १९३१ मध्ये, व्हिएन्नात ऑस्ट्रियाने स्कॉटलंडला ५–० असे हरविले, आणि चार दिवसांनी रोममध्ये इटलीने ३–० असे. पण युरोपच्या या सफरीवर स्कॉटलंडचे प्रमुख खेळाडू गेलेच नव्हते, अशी सबब पुढे करून तो विषय संपविण्यात आला. ब्रिटिश संघटना आंतरराष्ट्रीय महासंघापासून फटकून राहिल्या, आणि पहिल्या तीन जागतिक स्पर्धांकडे त्यांनी पाठ फिरविली.

अखेर १९५४ मध्ये स्वित्झर्लंडला स्कॉटलंडचा संघ प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्या गटात उरुग्वे, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया हे तिघे आले: ज्यांना स्कॉच शिक्षकांनी, खेळाडूंनी किंवा त्यांच्या शागिर्दांनी चेंडू जमिनीवरून देण्याघेण्याचे पहिले धडे दिले होते, नेमके तेच तिघे. चेकोस्लोव्हाकियाशी गाठ पडलीच नाही. ऑस्ट्रियाने एका गोलाने हरविले. संघाचा व्यवस्थापक अँडी बीटी याने स्पर्धा चालू असतानाच राजीनामा दिला. आणि बाझेलच्या मैदानात उरुग्वेने सात गोल चढविले. गटात शेवटचा क्रमांक स्कॉटलंडचा लागला. प्रागने एका निवृत्त खेळाडूला पंचवीस वर्षे पदरी बाळगून त्याच्याकडून जे काढून घेतले, ते त्या खेळाडूच्या मायदेशाने कधी कोणाकडून मागितलेच नव्हते. आणि न मागितलेली विद्या घरात असूनही कामास येत नाही, हा धडा देण्यासाठी त्या दिवशी सात गोल खर्ची पडले.